रडका, हट्टी आणि बाकीचे पाय

"मशीनवर जे लागत नाही ते ठेवणं म्हणजे घरात मढं झाकून ठेवण्यासारखं आहे," असं कमांडर एकदा जेवताना म्हणाला होता.

जेवताना असं बोलू नये हे त्याला कोणी सांगितलं नाही. आईला धाकट्याच्या तोंडून काहीही गोडच लागायचं, ती हसली. थोरल्याने मान डोलावली, कारण मान डोलावणं हा त्याचा स्वभाव होता. वहिनीने मात्र हातातला घास परत ताटात ठेवला आणि दिराकडे नीट पाहिलं. तो स्वतःच्या वाक्यावर इतका खूश होता, की पुढचा घास चावायलाही विसरला होता.

कमांडर हे नाव त्याला खालच्या कारखान्यात शिवणकाम करणाऱ्यांनी दिलं होतं. तो कॉम्प्युटरवर चित्रांना हात लावायचा नाही, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत कमांड द्यायचा, म्हणून कमांडर. त्या नावात किती टिंगल आहे ते त्याच्या कधी लक्षात आलं नाही. उलट कोणी हाक मारली की त्याचे खांदे जरासे मागे जायचे.

त्याआधी तो एका मोठ्या कंपनीत होता. तिथल्या थंड खोलीत कपाटांएवढे कॉम्प्युटर रात्रंदिवस घुमायचे आणि हा त्यांची देखभाल करायचा. ती नोकरी त्याने सोडली, असं तो सांगायचा. "कंटाळा आला. तिथे सगळे माऊस धरणारे." खरं काय ते थोरल्याच्या तोंडून एकदा निसटलं: कंपनीने ज्यांची गरज उरली नाही अशा माणसांची नावं काढली, त्यात हा होता. वहिनीने ते ऐकलं आणि पोटात ठेवलं. दुसऱ्या कोणाची अशी नोकरी गेली असती तर तिला वाईट वाटलं असतं. याच्याबाबतीत तिने प्रयत्न करून पाहिला, पण वाईट वाटेना. जो माणूस आपल्या पडण्यालाही पायरी समजून वर बघतो, त्याला हात कुठून द्यायचा?

तर तो घरी आला, आणि वरच्या मजल्यावरून रोज खाली कारखान्यात येऊन बसू लागला.

कारखाना म्हणजे एक लांब खोली. एका अंगाला चामड्याच्या गुंडाळ्या, मधे शिवणयंत्रं, शेवटी लाकूड कोरायचं यंत्र आणि त्याला जोडलेला कॉम्प्युटर. ज्यांच्या मापाचा बूट कुठल्याच दुकानात मिळत नाही अशांचे बूट इथे होत. एक पाय आखूड, पाऊल आत वळलेलं, बोटं गेलेली, टाच खचलेली, अशी माणसं येत. हा धंदा सासऱ्यांचा. त्यांनी तो दोन्ही मुलांना शिकवून पाहिला. थोरल्याला गिऱ्हाइकांशी बोलणं जमलं, धाकट्याला चामड्याचा वासच सोसवेना. शेवटी सासऱ्यांनी सुनेला शिकवलं. आपल्या हातानंतर हिचा हात, हे त्यांनी कोणाला न विचारता ठरवून टाकलं आणि मग निवांत मेले.

कलबूत करणं हे वहिनीचं काम. कलबूत म्हणजे लाकडाचा पाय. त्याच्यावर चामडं ओढून बूट शिवतात. पूर्वी सासरे आधी गिऱ्हाइकाच्या पायाचा प्लास्टरचा ठसा घेत आणि त्यावरून हाताने लाकूड तासत. ते प्लास्टरचे पाय खिळ्यांना टांगलेले असत, भिंतभर, पांढरे, धूळ खात. नवा माणूस आत आला की आधी दचकायचा आणि मग आपला पाय तिथे कुठे दिसतोय का ते शोधायचा. पुढे स्कॅनर आला, कोरायचं यंत्र आलं, आणि पाय कॉम्प्युटरमध्ये गेले. बूट झाला की लाकडी कलबूत मोडीत निघे, लागेल तेव्हा नव्याने कोरता येई. भिंतीवरचे मात्र तसेच राहिले.

कमांडरने पहिला हात घातला तो त्या भिंतीवर. वहिनी चार दिवस माहेरी गेली होती. परत आली तर भिंतीवर नुसते खिळे.

"स्कॅन झालेत सगळे," तो म्हणाला. "एकच वस्तू दोनदा कशाला ठेवायची?"

थोरला कातडं मोजायच्या निमित्ताने पाठ करून उभा राहिला. वहिनी बराच वेळ त्या खिळ्यांकडे बघत होती. स्कॅन झाले होते हे खरंच होतं. त्यामुळे भांडायला जागा नव्हती, आणि भांडायला जागा न ठेवता माणसाचा अपमान कसा करावा हे कमांडरला उपजतच येत होतं.

भिंत संपल्यावर तो कॉम्प्युटरकडे वळला. माऊस काढून त्याने खणात टाकला. माऊस धरणारा माणूस म्हणजे परक्या देशात बोट दाखवून वस्तू मागणारा माणूस, असं त्याचं मत होतं. वहिनीला पाय उघडायचा असला की खण उघडावा लागे, माऊस लावावा लागे, आणि काम झालं की तो परत खणात ठेवावा लागे. नाही ठेवला तर कमांडर दोन बोटांत धरून तो स्वतः ठेवायचा, पडलेली पाल उचलावी तसा.

मग त्याने यंत्र स्वच्छ करायला घेतलं. कॉम्प्युटरच्या डिस्कची निगा राखायला बारीकसारीक हत्यारं असतात. डिस्क तपासणारं एक, दुरुस्त करणारं एक, दुसऱ्या जातीच्या डिस्का वाचणारी दोनचार, चुकून पुसलेलं शोधून काढणारं एक. कोपऱ्यातल्या पेटीत पडून असलेल्या पान्या-पकडींसारखी ती पडून असतात. वर्षानुवर्षं कोणी त्यांना हात लावत नाही. कमांडरला ते पडून असणंच खुपायचं. तो एकेकाचं नाव मोठ्याने वाचायचा, पुकारा केल्यासारखं, मग त्या नावाआधी काढून टाकायचा हुकूम लिहायचा आणि बटण दाबायचा. पडद्यावर ओळी धावत. एक हत्यार काढलं की यंत्र विचारतं: याच्याबरोबर हीही जातील, काढू का, हो की नाही? हा प्रश्नही त्याला सहन होत नव्हता. म्हणून हुकुमाच्या शेवटीच होकार जोडून द्यायची त्याने सवय लावून घेतली होती, म्हणजे यंत्राने विचारूच नये. आपण काय काढतोय याची यादी त्याच्या डोळ्यांसमोरून जायची आणि तो खिडकीबाहेर बघत असायचा.

"किती हलकं झालं," तो म्हणायचा. पाय उघडायला पूर्वी जेवढा वेळ लागायचा तेवढाच आताही लागत होता.

एकदा थोरल्याने धीर करून विचारलं, की यातलं एखादं पुढे कधी लागलं तर?

"लागलं तर परत घालायचं. काढायला एक ओळ, घालायला एक ओळ," कमांडर म्हणाला. आणि मग चहा गार होईपर्यंत त्याने भावाला धडा दिला. पुसलेली वस्तू लगेच पुसली जात नाही, डिस्क फक्त तिचा पत्ता विसरते; वस्तू जागच्या जागी असते, तिच्यावर नवीन काही येऊन पडेपर्यंत. म्हणून काही हरवलं की शहाणा माणूस त्या मशीनला बोटही लावत नाही. डिस्क बाहेर काढतो, दुसऱ्या मशीनला जोडतो आणि तिथून शोधतो. "हे तुमच्या त्या माऊसवाल्यांना विचारा, एकालाही सांगता येणार नाही."

वहिनी पलीकडे टाच घासत होती. तिने ऐकलं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि ते त्याने चांगलं समजावूनही सांगितलं होतं. या माणसाला माहीत असतं सगळं, तिला वाटलं. माहीत असणं हा याच्या अंगावरचा नुसता कोट आहे. थंडी वाजली तरी त्याची बटणं हा लावणार नाही.

आईचे बूट फाटले ते त्याच सुमारास. आईचा डावा पाय लहानपणीच्या दुखण्यात वाकडा झालेला. उजव्यापेक्षा आखूड आणि घोट्यात आत वळलेला. वरच्या मजल्यावरून खाली येणं, गल्ल्यापाशी खुर्चीवर बसणं, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणं, एवढंच तिचं जग उरलं होतं, आणि ते त्या बुटावर उभं होतं. बूट उसवल्यापासून ती वरच होती. जिना मधे होता.

आईच्या पायाची गोष्ट अशी की तिने तो दुखतो असं कधी सांगितलं नाही. "छान बसलाय गं," एवढंच म्हणायची. मग वहिनी रात्री तो बूट हातात घेऊन तळवा बघायची. कुठे झिजलाय, आतलं अस्तर कुठे काळं पडलंय, मोज्याला कुठे भोक पडलंय. त्यावरून ती कॉम्प्युटरमधल्या कलबुताला इथे फुगवटा द्यायची, तिथे खळगा, टाचेखाली पाचर. पुढच्या बुटात आणखी थोडा फरक. असं करत करत वर्षं गेली आणि एक कलबूत असं झालं की ज्याच्यावरच्या बुटात आई खरंच दुखल्याशिवाय चालायची. स्कॅनमध्ये नुसता पाय असतो, जसा आहे तसा. तो पाय चालेल कसा, हे वहिनीच्या कलबुतात होतं.

तिने त्या कलबुतांना नंबर दिले नव्हते. नंबर स्कॅनर देतो. तिने नावं दिली होती. आईचा तो रडका, कारण बाई एक शब्द बोलत नाही आणि पाय मात्र प्रत्येक गोष्टीची तक्रार करतो. एका बसड्रायव्हरचा हट्टी. एका मुलीचा लाजरा, बोटं आत ओढून घेणारा. आणि एक पाहुणा. तो दर वेळी नव्यानेच आल्यासारखा वागायचा. नावं अशी घरगुती, म्हणून ती कोणाला सांगायची नाही. नवऱ्यालाही नाही.

त्या दुपारी तिने रडक्यासाठी लाकडाचा ठोकळा यंत्रात बसवला, घट्ट आवळला आणि यंत्राला त्याचं नाव दिलं. यंत्र म्हणालं, असं काही नाही. तिने पुन्हा दिलं. पुन्हा तेच. मग तिने हट्टी मागून पाहिला. तोही नाही.

ती कॉम्प्युटरपाशी गेली. कमांडर हाताची घडी घालून बसला होता. काम झाल्यावर बसतो तसा.

"भाऊजी, रडका कुठे आहे?"

"कोण रडका?"

"इथे होता. रडका, हट्टी, लाजरा. सगळे एकत्र होते."

तो हसला. म्हणाला, डिस्क भरत आली होती, मधे हा पोरखेळ दिसला, पुसून टाकला, कोणी नावं दिलीत कोण जाणे. नंबरवाले सगळे पाय जागेवर आहेत, वहिनी, काळजी नको. बोलता बोलता त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर गेली आणि तिथेच अडकली. शिवणयंत्रं एकेक करून थांबली.

"ते माझे होते," वहिनी म्हणाली. "सगळं काम त्यात होतं."

दुसरा कोणी असता तर त्या क्षणी त्याच्या तोंडून काहीतरी माणसासारखं निघालं असतं. कमांडर खुर्चीत ताठ झाला. पुसलंय म्हणजे गेलं नाही, तो म्हणाला, मी सांगितलं होतं ना, पत्ता गेलाय, वस्तू आहे. ती शोधायचं हत्यार असतं.

"मग शोधा."

हत्यार नव्हतं. त्यानेच काढलं होतं. ही गोष्ट त्याला आणि वहिनीला एकाच वेळी आठवली, पण त्याने डोळ्याची पापणीही हलू दिली नाही. "एक ओळ," तो म्हणाला आणि कीबोर्ड ओढला.

थोरला तोवर गल्ल्यावरून आत आला होता. वहिनीने त्याच्याकडे बघून म्हटलं, की वर तुमचा कॉम्प्युटर आहे; भाऊजी म्हणाले होते डिस्क काढून दुसऱ्याला लावायची, तर तो चालेल का? थोरला लगेच, आणू का खाली, म्हणून निघालाही.

"ते खेळणं," कमांडर म्हणाला. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. भावाच्या कॉम्प्युटरवर नातेवाइकांच्या मुलांचे फोटो होते, पडद्यावर फुलं होती आणि माऊस होता. त्याच्यापुढे बसायचं, तेही शिवणाऱ्यांसमोर, हे त्याला मरणाहून वाईट वाटलं असावं. वहिनीने ते त्याच्या मानेवरून ओळखलं. किती हलक्या गोष्टीपायी माणूस काय काय बुडवतो.

त्याने हुकूम लिहिला. हातवळणीने शेवटी होकार जोडला. त्याआधी, तेही सवयीनेच, सगळं यंत्र अद्ययावत करायचा हुकूम टाकला. एक हत्यार मागितलं होतं. पण त्याला लागणारी दुसरी हत्यारंही याने कधीच काढून टाकली होती, ती आली, त्यांच्यामागून त्यांची नवी रूपं आली, आणि मग यंत्राने इतक्या दिवसांत जे जे घेतलं नव्हतं ते सगळं घ्यायला सुरुवात केली. काळ्या पडद्यावर ओळी खालून वर पळू लागल्या. थांबेचनात.

वहिनी त्याच्या खांद्यामागे उभी होती.

"भाऊजी, वर नवीन काही पडलं की जातं, असं तुम्हीच म्हणाला होता ना?"

"हो."

"मग हे जे येतंय, ते कुठे पडतंय?"

कीबोर्डवरचा त्याचा हात थांबला. एवढंच. थांबला, आणि त्या थांबलेल्या हाताकडे तो स्वतःच बघत राहिला. बटण दाबून तो ते तिथेच तोडू शकला असता. निम्मं तरी वाचलं असतं. पण तोडणं म्हणजे कबूल करणं. बोट बटणापर्यंत गेलं आणि मागे आलं.

"हे वेगळं आहे," तो म्हणाला.

थोरल्याने मान डोलावली नाही. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच.

ओळी थांबल्या तेव्हा उन्हं खिडकीवरून उतरली होती. हत्यार बसलं. ते उघडताच त्याने पहिल्या पडद्यावर स्वच्छ शब्दांत बजावलं, की ज्या डिस्कवरचं हरवलंय तिच्यावर मला बसवू नका. कमांडरने ती ओळ घाईने वर सरकवली. वहिनीने वाचली होती. शिवणाऱ्यांपैकी एकाने तोंड फिरवून हसू दाबलं, आणि दुसऱ्याने त्याला कोपराने ढोसलं.

मग पाय येऊ लागले. नावं गेलेले, नुसते आकडे. वहिनीने खणातून माऊस काढला, कोणाची परवानगी न घेता जोडला, आणि एकेक उघडू लागली. पहिल्याला टाच होती, पुढे काही नाही. दुसरा म्हणजे नुसती बोटं, हवेत लटकलेली, आत वळलेली. ती लाजऱ्याची आहेत हे तिला कळलं. एकाचा तळवा होता आणि त्याच्यामधून आरपार अंधार. कुणाचा घोटा. कुणाचं काहीच नाही, नुसती एक वाकडी रेघ, आणि ती हट्टी असू शकत होती किंवा कोणीही. एकही पाय पुरा नव्हता. पडद्यावर एखाद्या मोडून पडलेल्या गर्दीसारखे ते ओळीने उभे राहिले. उभे तरी कसे म्हणायचं.

कमांडर हे सगळं बघत होता. "डिस्क जुनी आहे," तो म्हणाला. "मी आधीच सांगत होतो." त्याने आणखी एकदा तेच सांगितलं, या वेळी थोड्या वरच्या आवाजात, आणि रिकाम्या हॉलमध्ये बोलावं तसा त्याचा आवाज त्याच्याकडे परत आला.

जिन्यावर पावलं वाजली. एक जड, एक घसटती. आई भिंतीला धरून, फाटक्या बुटात, एकेक पायरी उतरत होती. आज नव्या बुटाचं कलबूत कोरायला घेतलंय हे तिला माहीत होतं आणि तिला राहवलं नव्हतं. थोरल्याने धावत जाऊन हात दिला. तिला स्टुलावर बसवलं. तिने स्वतःच बूट काढला, मोजा काढला, आणि तो उघडा वाकडा पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवून दिला, माप द्यायला ठेवतात तसा. घोट्यापाशी कातडी सोलून लाल झाली होती. त्याबद्दल ती काही बोलली नाही.

"झालं का गं सुरू?" तिने विचारलं.

आईची नजर पडद्यावर गेली. तिथे एक टाच उघडी होती, खाली जाड पाचर असलेली, आणि टाचेच्या पुढे काळं.

"हा कोणाचा पाय?"

"तुमचाच, आई."

"आणि बाकीचा?"

"ते भाऊजी सांगतील," वहिनी म्हणाली.

कमांडरने नजर कीबोर्डवर रोखली. मग थोरल्याने सांगितलं, अडखळत, जमेल तसं. हिची सगळी कलबुतं पुसली गेली. शोधली, पण अर्धीमुर्धीच मिळाली. नुसता स्कॅन आहे, त्यावरून पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. एक बूट, दुसरा बूट, तिसरा. हळूहळू बसेल.

आईने आपल्या पायाकडे पाहिलं. पहिल्यापासून म्हणजे काय ते तिला इतर सर्वांपेक्षा जास्त कळत होतं. ते फोड, ते रक्त चिकटलेले मोजे, जिन्यात मधेच बसून राहणं. तिचा हात नकळत घोट्यावर गेला. वहिनीने तिच्या चेहऱ्यावर ते दुखणं पहिल्यांदाच उघडं पाहिलं, आणि दिराविषयी तिच्या मनात जे थोडंफार शिल्लक होतं तेही त्याच क्षणी विझलं.

पण आई सावरली. धाकट्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, संशय नव्हता. लहानपणी तो काही मोडून आणायचा आणि मग जोडूनही दाखवायचा, तेव्हा ती जशी बघायची तशी बघत ती म्हणाली, "तू परत घालशील ना रे? एक ओळ असते म्हणतोस ना?"

शिवणाऱ्यांपैकी आता कोणी हसलं नाही. पडद्यावर कर्सर लुकलुकत होता, पुढच्या हुकुमाची वाट बघत. वहिनीने आईचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि मापाची पट्टी शोधू लागली.

कमांडर उठला. खुर्ची मागे सरली, तिचा आवाज झाला. आईने काढून ठेवलेल्या मोज्याला वळसा घालून तो त्या खिळ्यांच्या भिंतीपाशी गेला, खाली ठेवलेल्या बुटांत पाय घातले, दुकानातून आणलेल्या, पहिल्याच दिवशी नीट बसलेल्या बुटांत, आणि नाड्या न बांधता, कोणाकडे न बघता दारातून बाहेर पडला.